जुन्या साड्या इथेच विकायच्या, आफ्रिकेला पाठवायच्या नाहीत, असं का?

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावात यंदा मे महिन्यात, चाकरमानी गावाला आलेले असताना, पर्यावरण महोत्सव करायचं ठरतंय आणि त्यातला मोठा भाग आहे जुन्या वस्तूंचा बाजार. म्हणजे माळ्यावर पडलेली तांब्यापितळेची भांडी, कपाटात दाबून ठेवलेल्या साड्या, सायकली, शाळेची पुस्तकं, मुंबईच्या खोलीतून गावाला आणून टाकलेलं आणि इथेही न लागलेलं सामान, हे सगळं धुऊन पुसून मांडायचं, स्वस्तात विकायचं, आणि ज्याला वाटेल त्याने त्या पैशातला काही वाटा आफ्रिकेतल्या अशा कामांना द्यायचा जी तिथल्याच लोकांनी सुरू केली आणि तेच चालवतात. शेती, झाडं, पाणी, बचत, असली कामं. हे ग्रुपवर टाकलं तेव्हापासून इतके प्रश्न येतायत की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, कारण विषय वरून साधा दिसतो पण आत बऱ्याच गाठी आहेत आणि त्या सोडवून बघितल्याशिवाय उगाच "मदत करा, मदत करा" म्हणण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा की एवढे कपडे जमणार तर तेच का नाही पाठवत, तिकडे गरज असेल ना.

तर कपडे तिकडे आधीच जातायत, आणि भयंकर प्रमाणात जातायत. घाना देशाची राजधानी अक्रा, तिथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे, आणि तिथे काम करणाऱ्या ऑर फाउंडेशन या संस्थेचा अंदाज असा की त्या एका बाजारात दर आठवड्याला दीड कोटीच्या आसपास कपडे येतात, आणि अख्ख्या घानाची लोकसंख्या तीन कोटींच्या थोडी वर आहे. बाजारातल्या बायका काय करतात तर बंद गठ्ठा विकत घेतात, पुष्कळदा कर्ज काढून, आत काय आहे ते गठ्ठा फोडल्यावरच कळतं. चांगले कपडे निघाले तर ठीक, डाग पडलेले, फाटके, त्या हवेत कोणी घालणार नाही असे जाड कोट निघाले तर नुकसान तिचं. आणि जे विकलं जात नाही ते गटारात, तिथून कोर्ले नावाच्या खाडीत, तिथून समुद्रात, आणि लाटांबरोबर परत किनाऱ्यावर. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात कचऱ्याचा जो पट्टा लागतो तो आपण बघतोच, तिथे त्या पट्ट्यात कपड्यांच्या दोरखंडासारख्या पिळा पडलेल्या असतात, वाळूत अर्ध्या पुरलेल्या, ओढून निघत नाहीत. २०२५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला हा बाजार आगीत मोठ्या प्रमाणावर जळाला आणि हजारो विक्रेत्यांचं सगळं गेलं, तरी गठ्ठे येणं काही थांबलं नाही.

आणि हे फक्त युरोप अमेरिकेचं काम आहे असं समजू नका, गुजरातमध्ये कांडलाच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, परदेशातून आलेले जुने कपडे निवडून, प्रतवारी करून पुढे आफ्रिकेत पाठवणारे कारखाने आहेत. म्हणजे या साखळीत आपला देशही एक कडी आहे.

बरं, मग आफ्रिकेतले देश हे बंद का नाही करत? करून बघितलं. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या संघाने ठरवलं की जुन्या कपड्यांची आयात हळूहळू बंद करायची, आपले कापडाचे कारखाने उभे करायचे. रवांडाने खरोखरच त्यावरचा कर खूप वाढवला. अमेरिकेतल्या जुने कपडे निर्यात करणाऱ्यांनी तक्रार केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करमुक्त प्रवेशाची सवलत थांबवली. बाकीचे देश आधीच मागे हटले होते, रवांडा मात्र हटला नाही. आता यात दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही: केनियात, घानात, युगांडात लाखो लोकांचं पोट या जुन्या कपड्यांवर आहे, विकणारे, शिवून दुरुस्त करणारे, रंगवणारे, डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या मुली. त्यांना विचाराल तर सगळे जण बंद करा म्हणणार नाहीत. यावर काय करायचं हा निर्णय त्यांचा आहे, माझं म्हणणं एवढंच की त्या ढिगात आपल्या गावच्या साड्यांची भर टाकून आपण कोणाचं भलं करत नाही. साडी इथेच विकली, इथेच कोणी नेसली किंवा तिची गोधडी झाली, तर वस्तूही जागेवर राहते आणि पैसा मोकळा होतो. पैशाचं काय करायचं ते तिथला माणूस ठरवू शकतो, साडीचं तो काय ठरवणार.

आता "तिथल्याच लोकांनी चालवलेलं काम" म्हणजे नक्की काय, कारण हल्ली प्रत्येक संस्था असंच म्हणते. मला हे दोन माणसांच्या कामावरून नीट कळलं.

एक केनियाच्या वांगारी माथाई. १९७७ च्या ५ जूनला, पर्यावरण दिनाला, त्यांनी नैरोबीतल्या एका मैदानात बायकांबरोबर सात झाडं लावली, तिथून ग्रीन बेल्ट मूव्हमेंट सुरू झाली. खेड्यातल्या बायका सांगत होत्या की सरपण मिळत नाही, झरे आटले, गुरांना चारा नाही, आणि माथाईंनी उत्तर दिलं की मग झाडं लावूया. वनखात्याच्या लोकांचं म्हणणं पडलं की रोपं तयार करायला शिकलेला माणूस लागतो. या बायकांनी फुटक्या मडक्यांत, डब्यांत, मिळेल त्यात बी रुजवलं, आजूबाजूच्या झाडांचंच बी, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळायचे. जगलेल्या रोपामागे, लावलेल्या नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे वृक्षारोपणाचे फोटो जुलैत निघतात आणि मार्चमध्ये तिथे काय आहे ते बघायला कोणी जात नाही. पुढे पाच कोटींच्या वर झाडं लागली, २००४ मध्ये माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकन बाई. पण ज्या गोष्टीसाठी मी हे सांगतेय ती वेगळीच आहे: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मोठा पैसा मिळाला तो नॉर्वेच्या एका वनसंस्थेकडून आणि युनोच्या महिलांसाठीच्या निधीतून. म्हणजे पैसा बाहेरचाच होता. पण कुठलं झाड, कुठल्या गावात, रोपवाटिका कोणाच्या हातात, सरकारशी कधी भांडायचं, हे सगळं ठरवलं केनियातल्या बायकांनी. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत बांधायचा घाट सरकारने घातला तेव्हा माथाई थेट सरकारच्या विरोधात उभ्या राहिल्या, इमारत शेवटी झाली नाही. बाहेरून आलेल्या संस्थेने असं भांडण अंगावर घेतलंच नसतं, तिला दुसऱ्या दिवशी देशाबाहेर काढलं असतं.

दुसरे बुर्किना फासोचे याकुबा सावादोगो. शाळा जवळजवळ शिकलेले नाहीत, साधे शेतकरी, देशाच्या उत्तरेला यातेंगा भागातलं गाव. १९८० च्या आसपास मोठा दुष्काळ पडला, गावंच्या गावं उठून जायला लागली. जमिनीवर इतका कडक पापुद्रा की पाऊस पडला तरी पाणी आत मुरत नाही, वाहून जातं. याकुबांनी जुनी पद्धत घेतली, तिला तिकडे झाई म्हणतात, आणि ती सुधारली. कोरड्या दिवसांतच शेतभर छोटे छोटे खड्डे खणायचे, वीतभर रुंद किंवा जरा जास्त, खोली त्याहून कमी, आणि त्यात शेणखत टाकायचं. खताच्या वासाने वाळवी येते, ती जमीन पोखरते, त्या भोकांतून पहिल्या पावसाचं पाणी आत शिरतं आणि खड्ड्यात टाकलेलं ज्वारी बाजरीचं बी उगवतं. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभा फोडून खड्डा करतात, त्यात माती आणि शेणखत भरून हापूसचं कलम लावतात, त्याचाच हा लहान भाऊ म्हणा, फक्त आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे आणि तिथे पाच-सहाशे. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं, कोणी तरी त्यांची झाडं जाळलीसुद्धा. त्यांनी परत लावली. खड्ड्यांतल्या खतातून झाडांचं बीही उगवत होतं, ते त्यांनी उपटलं नाही, जपलं, आणि काही वर्षांनी पंचवीस-तीस हेक्टरांवर जंगल उभं राहिलं.

आणि आपल्या महोत्सवाशी याचा सरळ संबंध असा की १९८४ पासून याकुबा वर्षातून दोनदा स्वतःच्या शेतावर बाजार भरवायचे! शेजारच्या शंभरेक गावांतले शेतकरी यायचे, आपापलं बी घेऊन, बियांची देवाणघेवाण व्हायची, झाई कशी खणायची ते एकमेकांचं बघून शिकायचे. ना सरकारी प्रशिक्षण, ना पॉवरपॉइंट. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, पण झाई आज सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यात इतक्या ठिकाणी आहे की कोण कोणाकडून शिकलं हे शोधता येणार नाही. आपल्या बाजारातही एक कोपरा फक्त बियांचा असावा हा माझा आग्रह इथून आला. वालय तांदूळ, गावठी वाल, चिबूड, तवशी, लाल भेंडी, ज्यांच्या घरात अजून जुनं बी मडक्यात राखेत ठेवलेलं आहे त्यांनी ते आणावं, आणि ते विकायचं नाही, बदल्यात दुसरं बी न्यायचं.

बचतीचं थोडक्यात सांगते कारण ते आपल्या बायकांना लगेच समजेल. भिशी आफ्रिकेत सगळीकडे आहे, केनियात चामा, घानात सुसू, इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकवेल. १९९१ मध्ये नायजर देशात केअर या संस्थेने अशा भिशीला जरा शिस्त लावून गट बांधले: पंधरा-वीस-पंचवीस बायका, दर आठवड्याला बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, पेटीला एकापेक्षा जास्त कुलुपं आणि चाव्या वेगवेगळ्या बायकांकडे, आणि वर्षाच्या शेवटी सगळे पैसे व्याजासकट वाटून टाकायचे, मग हवं तर नवीन सुरुवात. आपल्या बचत गटात आणि यात फरक हा की आपला गट बँकेच्या कर्जाकडे डोळे लावून बसतो, तिथे बाहेरचा पैसा पेटीत येतच नाही. बाहेरून येतं ते फक्त सुरुवातीचं शिकवणं, पेटी आणि वह्या. म्हणून अशा कामाला छोटी रक्कमसुद्धा पुरते.

आता शेजारच्या काकींचा प्रश्न, तो मी त्यांच्याच शब्दांत देते: "आमच्या शाळेची कौलां गळतत आणि तुमी पैशे आफ्रिकेक धाडतास?"

काकींचा प्रश्न रास्त आहे. कौलांचं उत्तर पुढे देतेच, पण आधी काजूचं बोलूया, कारण काकींच्या घरात काजू आहे आणि आफ्रिका आपल्या गावात काजूच्या रूपाने कधीचीच आलेली आहे.

काजूचं झाड ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते गोव्याला आणलं आणि मोझांबिकलाही नेलं. दोन्ही किनाऱ्यांवर ते रुजलं. आज भारतातल्या कारखान्यांना जेवढी काजू बी लागते तेवढी भारतात पिकत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, गिनी बिसाऊ, टांझानिया इथून कच्ची बी बोटीने येते. आपल्या सिंधुदुर्गातल्या कारखान्यांतही बाहेरची बी फुटते, हे इथे कोणापासून लपलेलं नाही. आणि बाहेरची बी आली की आमच्या बीचा दर पडतो, ही काजूवाल्याची तक्रार दर हंगामात असतेच, हमीभावाची मागणी त्यातूनच आलेली.

हीच गोष्ट आता समुद्राच्या पलीकडून बघा. मोझांबिक एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या काजू उत्पादकांत होता, तिथे बी फोडायचे कारखाने होते. यादवी युद्धातून देश बाहेर पडत होता, कर्ज हवं होतं, आणि १९९० च्या दशकात जागतिक बँकेने अट घातली की कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करा, बाजार मोकळा करा. कर उतरला, बी फोडल्याशिवायच बोटीत चढायला लागली, कारखाने एकामागून एक बंद पडले, दहा हजारांच्या आसपास कामगारांची नोकरी गेली, त्यात बायका पुष्कळ. आणि ती बी कुठे आली? भारतात. शेतकऱ्याला दर वाढून मिळेल असं सांगितलं होतं, त्याच्या हातात फार काही पडलं नाही, मधल्या व्यापाऱ्यांना मिळालं.

म्हणजे बघा, तिथला शेतकरी कच्ची बी स्वस्तात विकतो कारण तिथे ती फोडायला पुरेसे कारखाने नाहीत, आणि ती स्वस्त बी इथे आल्यामुळे आपल्या शेतकऱ्याचा दर पडतो. दोघंही एकाच दोरीत अडकलेत. बेनिनने २०२४ च्या एप्रिलपासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली, आमच्याकडेच फोडू म्हणाले. त्याच बेनिनमध्ये पोर्तो नोव्हो शहरात सोंगाई सेंटर आहे, १९८५ मध्ये फादर गॉडफ्रे न्झामुजो यांनी सुरू केलेलं, जिथे तरुणांना शेती, मत्स्यपालन, गोबरगॅस आणि पिकलेल्या मालावर प्रक्रिया हे सगळं एकाच आवारात शिकवतात, कोंबड्यांची विष्ठा, शेतातला कचरा, काहीच वाया जात नाही, एकाचं उरलेलं दुसऱ्याला लागतं. अशी कामं वाढली तर तिथली बी तिथेच फुटेल. मग इथल्या कारखान्यांचं काय, त्यात काम करणाऱ्या आपल्याच बायकांचं काय, ज्यांच्या बोटांना काजूच्या तेलाने चट्टे पडलेले असतात? हा अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळत नाही. मला वाटतं की दुसऱ्या देशाच्या स्वस्त बीवर उभा असलेला रोजगार तसाही पक्का नसतो, आणि त्या कारखान्यांना शेवटी इथल्याच बागायतदाराला नीट दर देऊन बी घ्यावी लागेल, बोंडूचंही, म्हणजे काजूच्या फळाचंही, काही तरी करावं लागेल जे आज झाडाखाली कुजून जातं. यावर वाद घालायला लोक महोत्सवात यावेत, कारखानदारांनी पण यावं, बागायतदारांनी पण. त्यासाठी संध्याकाळची वेळ ठेवली आहे.

आफ्रिका आपल्यासाठी परकी कधीच नव्हती, हे जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता बघितलेल्या किनाऱ्याला वेगळं सांगायला नको, आणि रत्नागिरी-रायगडची कित्येक कोकणी मुसलमान घराणी शंभरेक वर्षांपूर्वी केपटाउनला जाऊन राहिलेली आहेत. आपली नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, चवळी, ज्वारी, बाजरी, कलिंगड, ही सगळी आफ्रिकेतूनच हजारो वर्षांपूर्वी आलेली. महोत्सवात जेवणाच्या स्टॉलवर नाचणीची भाकरी, आंबील आणि चवळीची उसळ असणार आहे ती याचसाठी.

पैसे पाठवायच्या कायद्याचं आता, कंटाळवाणं आहे पण इथेच लोक अडकतात. परदेशातून पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, परदेशात द्यायला वेगळे नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, देणगी त्यातच येते, पॅन लागतो. पण ही सोय फक्त व्यक्तींना आहे, मंडळ, ट्रस्ट, सोसायटी यांना नाही. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च करायचा म्हटला तर प्राप्तिकराच्या सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सूट, जिला लोक ८०जी म्हणतात, ती मिळत नाही, हे आधीच सांगते म्हणजे मार्चमध्ये पावती मागायला कोणी येणार नाही.

त्यामुळे आम्ही असं करतोय की विक्रीचा पैसा विकणाऱ्याच्याच हातात. मंडळ गोळा करणार नाही. ज्याला आफ्रिकेतल्या कामाला द्यायचेत त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून किंवा कार्डवरून द्यायचे, फॉर्म भरायला आमची मुलं लॅपटॉप घेऊन बसलेली असतील. दोन-चारशे रुपये बँकेतून पाठवू नका, बँकेचंच शुल्क त्याहून जास्त होतं, छोट्या रकमेला संस्थेच्या साइटवरून कार्ड बरं पडतं. कार्डवर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. मोठी रक्कम असेल तर सीएला विचारून मगच. आणि स्टॉलचं भाडं मंडळाकडे जमा होणार, ते सगळंच्या सगळं शाळेच्या कौलांसाठी, काकी.

संस्था निवडताना मी काय बघते तेही सांगून ठेवते. कार्यकारिणीत तिथल्या लोकांची नावं आहेत का, कार्यालय त्याच देशात आहे का, हिशोब दरवर्षी जाहीर करतात का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे देणगीदार उद्या थांबला तरी काम चालू राहील अशी त्यांनी काही सोय केलीय का, रोपवाटिकेची विक्री असेल, शिकवण्याची फी असेल, बचतीची पेटी असेल. फक्त रडणाऱ्या मुलांचे फोटो असतील तर मी ते पान बंद करते.

बाजारासाठी सामान कसं आणायचं: कपडे धुऊन, इस्त्री नसली तरी घडी घालून, फाटके नकोत. मिक्सर, पंखे चालू असतील तरच, आम्ही प्लग लावून बघणार. पितळेची भांडी चिंचेने घासून आणलीत तर दुप्पट दर येतो. सगळ्या वस्तूंना किंमत लावायची, फुकट काही नाही, फुकट नेलेलं महिन्याभरात परत कचऱ्यात दिसतं. प्लास्टिक पिशव्या आणायच्या नाहीत, जेवण पोफळीच्या विरीच्या ताटल्यांत आणि पाणी तांब्यातून. आणि न विकलेलं सामान ज्याने आणलं त्यानेच संध्याकाळी परत न्यायचं, ही अट मान्य असेल तरच स्टॉलसाठी नाव द्या, पटांगणावर ढीग सोडून जायचा नाही. नावं हायस्कूलच्या ऑफिसात घेतोय, सकाळी शाळेच्या वेळेत.